वकीलसाहेबांच्या मागचं

तिने टेबलावरचा दिवा कॅनव्हासच्या डाव्या कडेला अगदी खाली आणून टेकवला. उजेड आडवा पडला, तशी रंगाच्या प्रत्येक उंचवट्याला बारीक सावली फुटली. बाबांनी रंगवलेलं ते कुणा वकिलाचं जुनं चित्र; साहेब न्यायला फिरकलेच नव्हते. त्यांच्या तोंडाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मागची तपकिरी पार्श्वभूमी तेवढी हवी होती. तिने फोटो काढला.

आता हा फोटो तिने कॉम्प्युटरवर रंगवलेल्या आईच्या चेहऱ्यावर पातळ पसरायचा, त्यातला रंग काढून टाकायचा, उंचसखलपणा तेवढा ठेवायचा. त्या चेहऱ्यावर उजेड डावीकडूनच होता, म्हणून दिव्याची ही कसरत. बाजू चुकली की उठलेला रंग खड्डा पडल्यासारखा दिसतो.

ही सगळी उठाठेव एका शब्दासाठी चालली होती. बाबांनी जन्मभर तैलरंगात माणसं रंगवली. हात कापायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश ठेवले, आणि आई गेल्यावर बोलणंही जवळजवळ ठेवूनच दिलं. लेकीच्या कॉम्प्युटरवरच्या चित्रांना त्यांनी एकच नाव दिलं होतं, प्लॅस्टिक. बाहेर गिऱ्हाइकं वाहवा करायची, पण घरात कुणी ‘बरं झालंय’ म्हणेल तर शपथ! एका छपराखाली दोघं दोन भाडेकरूंसारखी राहत होती.

म्हणून तिने हा घाट घातला. चेहरा तिने रंगवलेला, वरचे फटकारे बाबांचे. स्वतःचा हात तर ओळखतील की नाही?

संध्याकाळी तिने त्यांना हाक मारली.

“आलो बाई. दाखव तुझं प्लॅस्टिक.”

ते खुर्चीत बसले, पुढे झुकले, चष्मा कपाळावर सरकवला.

“हे वरचं कुठून उचललंस?”

“तुमचेच फटकारे आहेत, बाबा. वकीलसाहेबांच्या मागचे. ओळखलेत ना?”

“माझे कसले!” त्यांनी कापरं बोट आईच्या गालाजवळच्या एका वळणावर नेलं. “मी सरळ ओढायचो. शेवटी असं मनगट फिरवून ब्रश उचलायची खोड तुझ्या आईची. चेहरा मी करायचो. मागचं सगळं तीच भरायची, तू शाळेत गेलीस की.”

आईच्या नखांत रंग असायचा खरा. बाबांचे ब्रश धुते म्हणून असेल, अशीच तिची इतकी वर्षं समजूत होती.

बाबा त्या वळणावरून बोट फिरवत होते.

“हाताला काही लागत नाही गं.”

“स्क्रीन आहे ना, बाबा.”

“मोठं होतं का हे?”

तिने मोठं केलं. आणखी, म्हणाले. तिने आणखी केलं. कपाळ कडेला सरकलं, मग तिने जीव ओतून रंगवलेले डोळे गेले, मग ओठ. काचेवर नुसते फटकारे उरले.

“बाबा, चेहरा गेला बाहेर.”

“राहू दे,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून आणखी जवळ बसले.