एक टॉवेल जास्त

"आत उतरलीच आहेस, तर उद्या पाणी भरल्यावरही उतर की," काका वरून म्हणाला.

ती चर्चमधल्या कोरड्या टाकीत गुडघे टेकून फरशा घासत होती. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली ही टाकी लागायची. बाप्तिस्मा असला की ती भरायची, एरवी तिच्यावर उभं राहून पाळकसाहेब उपदेश करायचे. टाकी घासणं, भरणं आणि पाणी कोमट करणं ही तिच्या बाबांची कामं होती. बाबांना माती देऊन अजून पंधरवडाही झाला नव्हता.

"काका, ती बादली दे जरा."

काकाने बादली दिली, पण विषय सोडला नाही. तो कसला सोडतोय! चर्चच्या मंडळीत तो कारभार बघणारा डीकन आणि घरात शेंडेफळ, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय त्याला कुठेच लागली नव्हती.

"दादाची शेवटची इच्छा होती ती. सगळ्यांची पोरं पाण्यातून गेली, त्याची तेवढी राहिली. चाळिशी आली तुझी. निदान त्याच्यासाठी तरी हो म्हण."

"तसं बाबा म्हणाले तुला?"

"म्हणायला कशाला लागतं? सख्खा भाऊ आहे मी त्याचा."

तिने ब्रश पुन्हा फरशीला लावला. घासताना आवाज मोठा होतो आणि काकाला बोलता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

त्यांच्या मंडळीत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नसत. ज्याने त्याने समजून उमजून, सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने कबूल करून पाण्यात उतरायचं. तीही शाळकरी वयात बरोबरीच्या पोरांसोबत पांढरा झगा घालून उभी राहिली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुझा विश्वास आहे?" आणि ती म्हणाली, "मला अजून माहीत नाही." काकाने कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी तिला सायकलवर बसवून घरी आणलं, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "खरं बोललीस, बरं केलंस. आता जेवून घे." त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही.

बाबा इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरवर होते. मंडळीतली पोरंटोरं त्यांना बंबमामा म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी लांबायची की आई भाजी मुद्दाम जास्त गरम करून वाढायची. गाताना सूर कधी त्यांच्या वाट्याला आला नाही, पण आवाज मात्र सगळ्यांच्या वर. चर्चमध्ये पंखे बसवायचा ठराव आला तेव्हा विरोधात हात वर करणारे ते एकटेच होते. ठराव पास झाला आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून पंखे बसवणारेही तेच. लोक हसले. बाबांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही.

उद्या पाण्यात उतरणार होता म्हातारा शिंपी. उभा जन्म शेवटच्या बाकावर काढून त्याने आता कुठे मनावर घेतलं होतं. त्याचे सांधे धरलेले, म्हणून बाबांनी त्याला शब्द दिला होता, "तुम्ही या तर खरं, पाणी मी बघतो." बाबा गेल्यावर पाळकसाहेब म्हणाले, पुढे ढकलू या. ती म्हणाली, ढकलायचं नाही. बाबांनी दिलेला शब्द आहे, पाणी मी तापवते.

संध्याकाळी टाकीत बारीक धारेने नळ सोडून ती घरी आली, तर आई टॉवेलला इस्त्री करत होती. एक झाला, घडी पडली. आईने दुसरा घेतला.

"आई, शिंपीकाका एकटेच आहेत. दोन कशाला?"

"तुझे बाबा दर वेळी एक जास्तच न्यायचे."

"आणि?"

"आणि काय, कोरडाच परत आणायचे. मी पुन्हा धुऊन ठेवायचे."

ती खुर्चीत बसली. इतकी वर्षं! तिला राग आला. कुणावर, ते तिचं तिलाच कळेना. "मला एकदा तरी म्हणायचं होतं गं त्यांनी."

"म्हणाले असते तर तू उतरली असतीस."

"हो. उतरले असते."

"म्हणून तर नाही म्हणाले," आई म्हणाली आणि इस्त्री फिरवत राहिली.

सकाळी तिने चर्चच्या मागच्या अंगणात पिंपाखाली जाळ केला. उकळतं पाणी बादल्यांनी टाकीत ओतलं, दंड भरून आले तरी हात थांबवला नाही. बाबा पाणी नेहमी कोपराने बघायचे, तिला लहानपणी न्हाऊ घालताना लागलेली ती सवय. तिनेही बाही वर करून कोपर बुडवलं. आणखी एक बादली लागेल असं वाटलं, ती ओतली.

शिंपी पायऱ्या उतरला, तोंडाने कबुली दिली, पाण्याखाली गेला आणि वर आला तो हसतच. "पाणी झकास आहे हो! बंबमामाच येऊन गेले की काय!" सगळं चर्च हसलं. तिला हसू आलं नाही. ती बाजूच्या खोलीच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती आणि डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

मग पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आणखी कोणी?"

काका पहिल्या बाकावरून वळला. त्याच्या मागोमाग सगळी डोकी वळली. शिंप्याचा टॉवेल देऊन झाला होता. दुसरा तिच्या हातात होता, तो सगळ्यांना दिसत होता.

ती दोन पावलं पुढे आली. काकाचा चेहरा उजळला.

"काका म्हणतो, ही बाबांची इच्छा होती," ती म्हणाली. "होती. मला काल कळलं. पण आज मी उतरले तर बाबांसाठी उतरेन. तसं कुणी उतरलेलं त्यांना चाललं नसतं. तेव्हा विचारलं होतंत ना, पाळकसाहेब? उत्तर अजून तेच आहे. ते बदललं तर मीच येऊन सांगेन."

काका मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाची पानं चाळू लागला. पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात उभे होते. "बस, बाळ," ते म्हणाले, आणि त्यांनी शेवटचं गीत सुरू केलं.

गीत संपल्यावर तिने टाकीचं बूच काढलं, पाणी जाईपर्यंत वाट पाहिली, फळ्या जागेवर बसवल्या. काकाने फळीचं दुसरं टोक धरलं.

घरी आईने कोरडा टॉवेल हातात घेतला आणि बाबांचे कपडे ठेवले होते त्या ट्रंकेचं झाकण उघडलं.

"तिथे नको, आई. वर ठेव, हाताशी. पुढच्या वेळी लागेल."

आईने तिच्याकडे पाहिलं.

"टाकी आता मीच भरणार आहे," ती म्हणाली.

आईने ट्रंक बंद केली. टॉवेलची घडी उगाचच एकदा मोडली, पुन्हा नीट घातली आणि तो वरच्या फळीवर ठेवला.