कणगीचे तोंड

"मिस्त्री, आता बाहेर या! छप्पर चढवायला माणसं जमलीत," अपिऊने अंगणातून हाक दिली.

कणगीच्या आतून मातीच्या पोटात घुमून जाड झालेला अतुबिगाचा आवाज आला, "येतो रं. पण कसा येऊ, त्येवढं सांग."

अंगणभर हशा उसळला. गावातल्या निम्म्या कणग्या ज्याच्या हातच्या, तो गवंडी स्वतःच्याच कणगीत अडकला होता!

अतुबिगाला मात्र हसू येत नव्हते. कणगीला दार नव्हते; वरच्या तोंडातून आभाळाचा गोल तुकडा दिसत होता, आणि तो त्याच्या खांद्यांहून लहान होता.

अपिऊची जुनी कणगी पावसाळ्यात खचली, तेव्हा गवताचे टोकदार छप्पर तेवढे वाचले. त्याची कुजलेली कड कापून काढल्यावर ते आखूड झाले. "छप्पर हेच बसवा, पाया त्याच दगडांवर धरा, पन बाजरी जास्त मावली पायजे," अशी अपिऊची अट होती. उंची वाढवावी, तर छप्पर चढवणार कसे? म्हणून अतुबिगाने वाटीसारख्या बुडावर सरळ भिंत न चढवता तिचे पोट फुगवले. घेर थोडाच वाढवला तरी मावणारे धान्य कितीतरी वाढते, हे तो जाणून होता. वाढलेल्या अंगाला लिंपायची मातीही त्याने अचूक धरली होती. मग फुगलेले पोट आखूड छपराखाली आणण्यासाठी, आत खाचांच्या ओंडक्याच्या शिडीवर उभे राहून, त्याने गळा झपाट्याने आत वळवला. सकाळी शेवटचा थर घातला आणि गोट्याने आतली भिंत घोटत बसला. दुपारच्या वाऱ्याने वरची कड अर्धीमुर्धी वाळली. बाजरी मोजली, माती मोजली, छप्पर मोजले. स्वतःचे खांदे मोजायचे राहिले.

"गळा फोडा," अपिऊ म्हणाला.

"फोडा! आन् छप्पर कशावर ठिवता, माज्या डोक्यावर?" त्याची बायको कचाना कडाडली. तिने पूर्वेकडे बोट केले. तिकडे अवेळी काळे ढग चढत होते, आणि वर्षभराची बाजरी कणसांच्या ढिगाने अंगणात उघडी पडली होती. "ही भिजली, तर पोरांना काय माती घालू?"

"बुडाला भोक पाडू का, काका?" कोणी विचारले.

"बुडावर सारा भार हाय. हात लावू नगंस, भिंत बसंल," आतून आवाज आला.

शिडीचा ओंडका आत ठेवला, तर तोच तोंड अडवत होता. तो वर घेतला, तर चढायला आधार नव्हता. अर्धवट सुकलेल्या कडेला हाताने लोंबकळणे म्हणजे ती खाली आणणे. आभाळ गडगडले.

"कचानाबाई," अतुबिगा शांतपणे म्हणाला, "कणसं ओता."

"तुमच्या अंगावर?"

"पायाखाली. तुडवत वर येतो."

टोपल्या रिकाम्या होऊ लागल्या. प्रत्येक टोपली तोंडाशी आली की आत काळोख होई. मग कणसे अंगावर कोसळत आणि त्यांचे टोचरे कूस नाकातोंडात जाई. बुडाच्या वाटीत तो भराभर वर आला. पण पोटाशी पोहोचला आणि तिथेच थांबला. टोपलीमागून टोपली येत होती, तो तुडवत होता, आणि आभाळाचा गोल जागचा हलत नव्हता. एवढी बाजरी जाते कुठे? चहूबाजूंना; त्याने मोठ्या अभिमानाने वाढवलेल्या त्या घेरात. खोकून त्याचे डोळे पांढरे झाले.

"मिस्त्री, जिवंत हाय न्हवं?"

"हाय! बोलू नगा, ओता!"

गळा लागला तशी बाजरी झरझर चढली. आधी बोटे बाहेर आली, मग कोपरे, मग कुसाने पांढरे झालेले डोके. कचानाने शियाच्या झाडाच्या बियांचे बुळबुळीत तूप त्याच्या खांद्यांना चोळले. "श्वास सोडा, काका! सारा सोडा!" बाहेरून वर चढलेले दोघे ओरडले आणि त्यांनी मनगटे धरून त्याला सरळ वर ओढले. कातडी सोलून कडेला राहिली, पण कड तुटली नाही.

उरलेली कणसे आत गेली, छप्पर चढले, आणि मग पाऊस आला. सगळे पडवीत दाटीवाटीने उभे राहिले. अपिऊ खुशीत होता. "बगितलंस? समदी मावली! माजंच खरं झालं."

कचाना कणगीकडे पाहत होती. "मावली. पन चार महिन्यांनी बाजरी पोटाखाली गेली, की काढायला आत कोन उतरनार? माजे खांदे न्हाय जायचे तिथनं."

अतुबिगा सोललेल्या खांद्यावर फुंकर घालत होता.

"साऱ्या घरात बारीक तुमीच," ती नवऱ्याला म्हणाली.

अपिऊचे हसू विरले. पाठ फिरवून तो पाऊस पाहू लागला; आणि कोणाचे लक्ष नाही असे समजून त्याने दोन्ही तळहात हळूच आपल्या खांद्यांवर ठेवले, तेच अंतर राखून पुढे धरले, आणि कणगीच्या तोंडाच्या दिशेने नेले.