आठ फळ्या

"उद्यापासून तुमचं जाळं तळ्यात दिसता कामा नये!" तळ्याच्या पाहणीला आलेल्या साहेबांनी बजावलं. मावशीनं ओलं जाळं छातीशी असं घट्ट धरलं, जणू कडेवरचं पोरच कुणी ओढून नेतंय.

"अहो साहेब, उभा जन्म या तळ्यावर गेला माझा."

"मग लहान मासे गेले कुठं? बगळे घरटी सोडून उडाले. मोठे मासे एकमेकांना खायला उठलेत. बारीक जाळ्यानं सगळी पिल्लं खरवडून काढलीत तुम्ही!"

मावशीचं तोंड एवढंसं झालं. "माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली आणि शेजारी वळली. "भाऊ, तू तरी सांग ना रे यांना काहीतरी!"

भाऊ म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार सांभाळणारे काका. माणूस ताडमाड, आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैस कान टवकारेल! पण आज ते नुसतंच दारावरचं शेवाळ नखानं उकरत होते.

कारण मासे कुठं गेले ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी काठच्या गवतात मासे अंडी घालत, तेव्हा काका दारातल्या पाणी अडवणाऱ्या आठ फळ्या काढत. दिवसाआड एकच. पाणी चार-चार बोटं उतरे, अंडी फुटत, आणि पिल्लं उतरत्या पाण्याबरोबर आरामात खोलात सरकत. यंदा भाचीचं लग्न निघालं. पंधरवडाभर कोण थांबणार? काकांनी एकाच सकाळी आठही फळ्या उपसल्या. आठ त्या आठच की! गणित चोख होतं. तळ्याला तेवढं गणित येत नव्हतं. काका लग्नाहून परतले तेव्हा गवत कडकडीत वाळलेलं, आणि त्याला खसखशीसारखी चिकटलेली अंडी. चिमटीत धरताच भुगा झाला. मग पिल्लांवर जगणारे सगळेच उपाशी.

"साहेब, जाळ्याचा दोष नाही. माझा आहे." आणि काकांनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी वही चाळली. "पातळी तर ठरली तेवढीच आहे. सरासरीसुद्धा बसतेय. उगाच कशाला अंगावर ओढून घेता?"

"सरासरी बसते हो. मासे बसत नाहीत ना त्यात!"

"लेखी दिलंत तर दारावरून काढतील तुम्हाला."

"काढू देत. कागद द्या."

काकांनी उभ्या उभ्याच लिहून दिलं. साहेबांनी कागदाची घडी केली, "जाळं राहू दे मग," म्हणाले आणि निघून गेले.

मावशी काकांकडे वळली. "दोन महिने मी जाळ्याची भोकं बघत बसलेय. रोज. आणि तुम्हाला माहीत होतं?"

तुम्हाला! काकांना वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती जाळं पिळायला वाकली. एकटीनं ते जमेना. काकांनी न विचारता दुसरं टोक उचललं, पीळ दिला. तिनं आपलं टोक सोडलं नाही. मान मात्र वर केली नाही. दोघांच्या मधोमध पाणी टपटपत राहिलं.