रेडिएटर रिकामा केला तो दिवस

उस्तादांना झटका आला त्याला अकरा महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालू लागला, पण बोलणं पार पुसलं गेलं. राहिला एकच शब्द, ‘उद्या’. चहा हवा असला तरी उद्या, पाठ दुखली तरी उद्या, आणि राग आला की तोच शब्द लागोपाठ तीनदा. तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला हा माणूस आता खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून असे.

त्यांची बायको घरातच शिवणकाम करायची. गल्लीत सगळे त्यांना टेलरकाकू म्हणत. शब्द एकच असला तरी सूर निराळे असतात, हे काकूंच्या हळूहळू लक्षात आलं. तुटक उद्या म्हणजे पंखा बंद कर, लांबवलेला म्हणजे झोप येतेय. दवाखान्यातल्या थेरपिस्टताईंनी बजावलं होतं, त्यांचं मनातलं तुम्ही ओळखून टाकू नका, वाट बघा. काकू मनात दहा आकडे मोजायच्या आणि मग गुपचूप पंखा बंद करायच्या.

दर मंगळवारी थेरपीला न्यायचं म्हणून काकू बावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. गाडी उस्तादांची, जुनी. एका मंगळवारी परत येताना तापमानाचा काटा वर वर सरकत लाल रेघेला टेकला आणि घराच्या फाटकात शिरताशिरता बॉनेटखालून वाफ आली. काकूंनी दिराला फोन केला. त्याचं म्हणणं, भंगारात देऊन टाका, रिक्षा काय कमी आहेत का. काकूंनी बरं म्हणून फोन ठेवला, बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

उस्ताद कधी गाडीतून उतरले ते कळलंच नाही. डाव्या हाताने त्यांनी काकूंचं मनगट पकडलं. पकड अशी, की बांगडी रुतली.

“उद्या,” ते म्हणाले.

काकू थबकल्या. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं, हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं. त्या क्षणी मात्र त्या एवढ्याच कोड्यात पडल्या, की हा उद्या म्हणजे नेहमीचा उद्या की खरोखरचा. उस्तादांनी एंजिनाकडे बोट केलं, आकाशाकडे केलं, गालाखाली तळवा घेऊन झोपल्याची खूण केली. मग काकूंना हसूच फुटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एंजिन गार पडलं होतं. अडचण हत्यारांची. गॅरेज दुसऱ्याला दिलं तेव्हा पाने, जॅक, सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं. उस्तादांनी डाव्या हाताने एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. अंगणातल्या दोन जाड फळ्या पुढच्या चाकांसमोर लावायला खुणेने सांगितल्या. काकूंनी गाडी हळूच वर चढवली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना दगड लावले. कपडे भिजवायचा टब खाली सरकवला. रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची प्लॅस्टिकची चावी होती, पण काकूंनी पक्कड उचलताच उस्तादांनी मान जोरात हलवली आणि दोन बोटांनी काडी मोडल्याची खूण केली. जुनं प्लॅस्टिक, तुटलं तर पंचाईत. त्याऐवजी खालच्या जाड रबरी पाइपाला आवळलेली पत्र्याची पट्टी त्यांनी दाखवली. पट्टीला बारीक स्क्रू होता. घरातला स्क्रूड्रायव्हर मोठा पडला, तेव्हा काकू आत जाऊन शिवणयंत्राच्या पेटीतला घेऊन आल्या. तो चपखल बसला.

जुनी सतरंजी अंथरून काकू गाडीखाली सरकल्या. पट्टी ढिली केली, पाइप थोडा पिळला, थोडा ओढला, आणि एकदम धार लागली. एंजिन थंड ठेवणारं कूलंट मिसळलेलं, हिरवं असायला हवं ते पाणी गंजाने तपकिरी झालं होतं. वरचं झाकण उस्तादांनी बरोबर वेळ साधून फिरवलं, तशी धार दुप्पट जोराने पडली. किती वर्षं हे पाणी आतल्या आत फिरत होतं, त्याच त्याच वाटेने, आणि आपण याच गाडीत बसून बाजारात गेलो, लग्नांना गेलो, त्या रात्री दवाखान्यात गेलो. काकू पडल्या पडल्या बघतच राहिल्या.

शेजारचं मांजर टबापाशी आलं, तशी उस्तादांची घालमेल सुरू झाली. त्यांनी घशाला हात लावला, डोळे मिटून मान टाकून दाखवली. त्या पाण्याला गोडसर वास येत होता. गोड, पण विष. काकूंनी मांजराला हाकललं, ते सगळं नरसाळ्याने रिकाम्या कॅनमध्ये भरलं आणि बूच घट्ट लावलं. गटारात एक थेंब जाऊ दिला नाही. कॅन पुढे गॅरेजवाल्याकडे पोचवला.

मग साधं पाणी भरायचं, एंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा काढायचं. दोनदा केलं. दुसऱ्या वेळी पाणी आरपार दिसलं. डिकीतल्या रिकाम्या डब्यावर बोट ठेवून उस्तादांनी कूलंट कुठलं ते दाखवलं होतं. काकूंनी तसलंच आणून डिस्टिल्ड पाण्यात निम्मं निम्मं मिसळलं आणि हळूहळू ओतलं. झाकण उघडंच ठेवून गाडी सुरू केली, आतला हीटर पूर्ण गरमवर फिरवला. उस्तादांनी काकूंच्या गळ्यातली मोजपट्टी ओढून काढली आणि खिशात घातली. पंख्याजवळ लोंबतं काही नको.

आता नुसतं थांबायचं होतं. तोंडाशी बुडबुडे येत होते, फुटत होते. उस्तादांनी काकूंचा तळवा धरून वरच्या पाइपावर ठेवला. पाइप थंडगार होता. शेजारी एंजिन तापत चाललेलं, आणि पाइप मात्र थंड. काकूंनी विचारलं, बिघडलंय का काही. त्यांनी नाही अशी मान हलवली. डोळे मिटले, डोकं एका बाजूला झुकवलं आणि ऐकत राहिले. त्यांचा चेहरा काकूंनी असा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तो आजारी माणसाचा नव्हता.

त्यांनी तीन बोटं वर केली. मग दोन. मग एक.

काकूंच्या हाताखाली पाइप जिवंत झाला. क्षणापूर्वी थंड असलेल्या रबरातून ऊब धावत गेली, हात काढून घ्यावा लागला. तोंडाशी आलेलं पाणी कुणी घोट घ्यावा तसं खाली गेलं.

“उघडला,” उस्ताद म्हणाले.

आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ. थर्मोस्टॅट उघडला, असं ते बोलत होते, गॅरेजमध्ये हजार वेळा बोलले असतील तसं. आपण काही वेगळं केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पाणी खाली गेलं म्हणून ते अजून ओत, अशी खूण करत होते. काकूंनी ओतलं. कुठे आत एक झडप, तिला कुणी सांगत नाही, ठरावीक ऊब मिळाली की ती आपली आपण उघडते. आणि एंजिनाच्या नुसत्या आवाजावरून या माणसाला ते आधी कळतं. यातलं नवल कशाचं करावं, हेच काकूंना ठरवता येईना.

पुढच्या मंगळवारी काटा निम्म्यावर राहिला. थेरपिस्टताईंनी चित्रं दाखवली, कप, चावी, झाड. प्रत्येक चित्राला उस्ताद उद्या म्हणाले. मग काकूंनी घडलेलं सांगितलं. ताईंनी ते दोनदा ऐकलं, फाइल मिटली आणि विचारलं, “गाडी कुठे लावलीय?”

दवाखान्याच्या आवारात बॉनेट उघडून तिघं उभी राहिली. मग ताईंनी बोट दाखवलं तिथे उस्तादांनी “पट्टा” म्हटलं, आणि थोड्या वेळाने “पंखा”. ताईंनी लिहून घेतलं नाही, लिहायचं विसरल्याच.

आज त्यांच्याकडे चाळीसेक शब्द आहेत. बहुतेक सगळे बॉनेटखाली येतात. घरात जेवायला बसल्यावर मीठ मागता येत नाही. असं का, ते ताईंनाही नीट सांगता येत नाही. काकू रोज सकाळी चहाचे दोन कप अंगणात नेतात आणि काम नसलं तरी बॉनेट उघडतात.