वासाची वाट

हरणाबाईनं पदराच्या टोकानं म्हशीच्या शेपटीखालचं पुसून घेतलं आणि वळून पाहिलं, तर गोठ्याच्या दारात शाळेच्या गणवेशात दीक्षा उभी.

"बघितलंस?"

दीक्षानं मान हलवली. पदरावर काचेसारखी स्वच्छ, चिकट तार. म्हणजे म्हैस पुन्हा माजावर आली होती. तिसऱ्यांदा उलटली होती, गाभ धरला नव्हता. एकवीस दिवसांपूर्वी दीक्षाच्या आईनंच, गावोगाव स्कूटीवरून फिरून जनावरांना कृत्रिम रेतन करणाऱ्या बाईंनी, ती भरवली होती. या खेपेला राहिली नाही तर विकायची, असं हरणाबाईच्या लेकानं, नानासोनं ठरवलेलं. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं.

म्हैस भरवली त्या दिवशी आईची बॅग धरून दीक्षा मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "आजी, नाकात वास ओळखणारी जनुकं असत्यात ना, त्यातली काही शुक्राणूंतबी जागी असत्यात."

"म्हंजी नाक हाय त्यांस्नी?"

"नाक न्हाई. पण वासावर वाट काढत असतील."

"आमच्या नानासोगत. मटण शिजलं की कंपनीतनं थेट घरी."

तेव्हापासून गणिताच्या तासालाही दीक्षाला तो अंधार दिसायचा. उबदार, पाण्याखालचा. त्यात दूर कुठंतरी एक बिननावाचं फूल उमललेलं, आणि त्याच्याकडं निघालेले लाखो बिनडोळ्यांचे वाटसरू.

नानासो बूट चढवत बाहेर आला. म्हैस गप्प रवंथ करत होती. म्हशीचा माज मुकाच असतो.

"काय गं शास्त्रज्ञीण, उलटली का थांबली?"

हरणाबाईनं पदराचं टोक मुठीत गोळा केलं.

"थांबली वाटतंय, काका," दीक्षा म्हणाली. इतका सरळ आवाज तिचा तिलाच नवा होता.

नानासोनं तिच्याकडं जरा रोखून बघितलं, मग फोन काढला. "पावणं, नगा येऊ आज. म्हस गाभण हाय." आणि गाडीला किक मारून तो साताऱ्याच्या रस्त्याला लागला.

आवाज पार विरल्यावर दीक्षानं आईला फोन लावला. "आई, आधी हरणाआजीकडं ये. रेतनाची कांडी घेऊन. व्हय, आत्ताच. सांगते मग."

"पोरी," हरणाबाई हळूच म्हणाली, "या बारीला लागंल न्हवं वास त्यांस्नी?"

दीक्षानं म्हशीच्या कुशीवर तळहात टेकला. आत काहीतरी संथ हलत होतं, श्वास असेल. पलीकडं शाळेची घंटा झाली, तरी ती तशीच कान देऊन उभी राहिली.