उजवी बाजू

उपकेंद्राची नर्स म्हणून बाळाचं वजन करायला मी त्या घरी गेले आणि बाळंतिणीला बघून काटा पिशवीतच ठेवला. अंगात सणकून ताप, उजवी छाती लालभडक. त्यावर जुन्या कापडाची पट्टी करकचून बांधलेली. बाळ डाव्या बाजूला ओढून ओढून रडकुंडीला आलेलं.

"किती दिवस झाले?"

"तीन," सासू म्हणाली. "ती बाजू बंदच केलीय मी. नासलेलं दूध पोराच्या पोटात घालू का?"

सहा गाई एकटी सांभाळते ही बाई. दुधाच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची गावात कुणाची टाप नाही. डेअरीवालाही वचकून असतो. माझं डोकं फिरलं होतं. पण भांडले असते तर तिनं मला वाटेला लावलं असतं, आणि दूध असंच तुंबलं तर गळू होऊन त्या पोरीला चीर द्यावी लागली असती. मी राग गिळला.

"गाईची कास सुजली की काय करता हो?"

"पिळून काढते. दिवसातून चार-चार वेळा. तुंबू दिलं तर सड कायमचा जातो."

"आणि सुनेला?"

सासू हळूच म्हणाली, "पण ते दूध आम्ही टाकून देतो."

"गाईचं खुशाल टाका. हे बाळाला चालतं. बाळानं ओढलं तरच ही बाजू मोकळी होईल."

डॉक्टरांना फोन करून, अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या विचारून दिल्या. ताप उतरला तरी मध्येच सोडायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. सासूनं धार काढताना धुते तसे कोपरापर्यंत हात धुतले आणि पट्टी स्वतः सोडली. बाळानं दोनदा तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा धरलं. सुनेनं माझ्या मनगटात नखं रुतवली, पण हूं की चूं केलं नाही.

"गाय असती तर पहिल्याच दिवशी लाथ मारली असती मला," सासू पुटपुटली.

"मारणारच होते," सून डोळे मिटूनच म्हणाली.

सासू हसली नाही. सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसली. धारेची वेळ कधीच टळली होती, गोठ्यात सहाही गाई हंबरत होत्या, पण बाळ सोडेपर्यंत ती उठली नाही.