चौघांपुरती सतरंजी

मी ग्रामसभेची सतरंजी बोलतेय. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, वीस हात लांब. अकोल्याच्या मागावर विणली गेले आणि वरूडकडच्या एका संत्र्याच्या गावात आले. तिथले निवृत्त शिक्षक महादेवराव यांनी मला पंचायतीला भेट दिलं.

पहिल्याच सभेत मजुरी करणाऱ्या माणिकबाई माझ्या काठाबाहेर मातीत बसल्या. महादेवराव म्हणाले, "तिथं काहून बसली बाई? सतरंजी गावाची हाय." त्या सरकल्या, पण अर्ध्याच. पुरतं बसायला त्यांना तीन वर्षं लागली. पुढे त्याच सरपंच झाल्या.

माझ्यावर लोक खूप भांडले. बोलायला भिणारा माणूस आधी बोटांनी माझे दोरे उपसत राहतो. तेवढे दोरे मी आनंदाने दिले.

मग पंचायतीची मुदत संपली. निवडणूक काही लागली नाही. वरून प्रशासक आले. एकट्याच्या गळ्यात अकरा गावं. ग्रामसभा बंद झाली आणि मी कपाटात गेले. दिल्लीहून मंजूर झालेल्या रस्त्यासाठी गावची विहीर बुजवणार, हे मी कपाटातूनच ऐकलं. 'ग्रामस्थांची हरकत नाही' असं या प्रशासक साहेबांनी लिहूनही दिलं होतं. गाव चिडलं, तर जमावबंदी लागली. पाच माणसं एकत्र दिसायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माणिकबाई कार्यालयात आल्या. "सतरंजी दे," त्या शिपायाला, कुंदनला म्हणाल्या.

"मावशी, मनाई हाय."

"पाचाले हाय ना? आमी चौघंच बसतो."

कुंदनने गुपचूप कपाट उघडलं.

पंचायतीसमोर मी पसरले. एका कोपऱ्यात महादेवरावांची नात आचल वही घेऊन बसली, बाजूला माणिकबाई. उरलेल्या दोन जागांवर लोक पाळीपाळीने येऊन बसत, आपलं म्हणणं लिहून देत आणि उठत. बाकीचे दूरदूर उन्हात उभे. दुपारी ऐंशीच्या मनकर्णाबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "नवरी होऊन आली तवा याच विहिरीच्या पाण्यानं पाय धुतले. मले कोणं इचारलं? माही हरकत हाय. लिही पोरी, जसं बोलली तसंच लिही."

तेवढ्यात साहेब आले. रागातच होते. वही हातात घेऊन उभ्यानेच वाचू लागले. पानं उलटता उलटता राग उतरला आणि ते थकल्यासारखे खाली बसायला गेले.

"साहेब, तुमी बसले तं पाच होते," माणिकबाई म्हणाल्या.

साहेब तसेच अवघडून थांबले. तेव्हा मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "बसा. मी उठतो."

साहेब बसले. तासभर नुसतं ऐकत राहिले. त्यांची बोटं माझ्या काठाशी चाळा करत होती.

संध्याकाळी पोलिसांनी दूर उभी असलेली माणसंही मोजली आणि जमाव ठरवला. माणिकबाई आणि आचलवर गुन्हा नोंदला, मला जप्त केलं. पण एकशे त्रेचाळीस हरकती जिल्ह्याला पोचल्या. वर साहेबांचं पत्र होतं: 'माझा आधीचा अभिप्राय मागे घेतो.' विहीर आजतरी शाबूत आहे. साहेबांची मात्र बदली झाली.

मी पोलीस ठाण्याच्या खोलीत आहे, अंगावर लाखेची मोहोर. निवडणूक अजून नाही. कोर्टाच्या तारखेला आल्या की माणिकबाई ठाण्याच्या दारातूनच विचारतात, "आमच्या सतरंजीले वाळवी तं नाई लागली ना?"

वाचणाऱ्यांनो, माझं सोडा. तुमच्या गावची सतरंजी कोणत्या कपाटात आहे, तेवढं एकदा जाऊन विचारा.